सामायिक दप्तर आणि फायरवॉल : कोणत्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात?

जन्माचा दाखला किंवा जमिनीचा उतारा घेण्यासाठी दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला कचेरीत पुष्कळदा एकच उत्तर ऐकावे लागते : "सर्व्हर बंद आहे, उद्या या." एका दिवसाची मजुरी आणि बसचे भाडे खर्चून आलेला तो माणूस मुकाट्याने परत जातो. वस्तुतः अशा अनेक प्रसंगी सर्व्हर बंद नसतोच. तो आपल्या खोलीत व्यवस्थित चालू असतो, त्यावरील फाइलीही जागच्या जागी असतात. कारकुनाच्या संगणकापासून त्या फाइलींपर्यंत जाणाऱ्या वाटेवरील एखादी खिडकी तेवढी बंद असते. ही खिडकी कोणती, ती कोणासाठी उघडावयाची आणि कोणासाठी कटाक्षाने बंद ठेवावयाची, हे ठाऊक नसल्यामुळे दोन प्रकारच्या चुका घडतात. एक तर काम अडून राहते. नाही तर काम चालावे म्हणून सारी भिंतच पाडली जाते. दुसरी चूक पहिलीहून फार महाग पडते, हे जगाने २०१७ साली पाहिले आहे.

खिडकीचा क्रमांक

मोठ्या टपाल कचेरीत तिकिटे एका खिडकीवर, मनिऑर्डर दुसऱ्या खिडकीवर आणि बचत खात्याचे काम तिसऱ्या खिडकीवर चालते. इमारतीचा पत्ता एकच. परंतु आलेल्या माणसाने योग्य खिडकीसमोर उभे राहिले तरच त्याचे काम होते. सर्व्हरचेही तसेच आहे. जाळ्यावर त्याचा पत्ता एक असतो आणि त्याच्या निरनिराळ्या सेवा निरनिराळ्या क्रमांकांच्या खिडक्यांवर बसलेल्या असतात. या खिडक्यांना संगणकशास्त्रात पोर्ट म्हणतात आणि त्यांचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. (‘विंडोज’ या सुप्रसिद्ध प्रणालीच्या नावाशी या खिडक्यांचा काही संबंध नाही.) खिडकीवरील देवघेवही दोन तऱ्हांनी होते. पोचपावती घेऊन, क्रमाने आणि खातरजमा करून होणाऱ्या देवघेवीस टीसीपी, तर साध्या टपालाप्रमाणे पाठवून मोकळे होण्याच्या पद्धतीस यूडीपी असे नाव आहे. एकाच क्रमांकाची टीसीपी खिडकी आणि यूडीपी खिडकी या दोन वेगळ्या खिडक्या होत, हे ध्यानात न घेतल्यामुळे अनेक नियम चुकीचे लिहिले जातात.

फायरवॉल हा या खिडक्यांपुढील पहारेकरी होय. कोणत्या पत्त्यावरून आलेल्याला कोणत्या खिडकीपर्यंत जाऊ द्यावयाचे, याची यादी त्याच्यापाशी असते. आजच्या फायरवॉलला आणखी एक गोष्ट कळते. एखाद्या संगणकाने स्वतः बाहेर विनंती पाठविली असेल, तर तिचे उत्तर परत येताना तो ते अडवीत नाही. सर्वसाधारण व्यवस्थेत कारकुनाच्या संगणकाला बाहेर विनंती करण्याची मुभा असते. त्यामुळे फाइली मागणाऱ्या त्या संगणकावर आत येणारी एकही खिडकी उघडावी लागत नाही. खिडकी उघडावयाची ती फाइली देणाऱ्या सर्व्हरवर. प्रत्यक्षात मात्र दोन्हीकडच्या खिडक्या उघडून ठेवलेल्या आढळतात, आणि रोगाची साथ नेमकी या अनावश्यक खिडक्यांतून पसरते.

फाइलींची खिडकी : ४४५

एका संगणकावरील फाइली दुसऱ्याने जाळ्यावरून वाचाव्यात, लिहाव्यात, यासाठी विंडोज प्रणालीत जी पद्धत वापरली जाते तिचे नाव एसएमबी. १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएम कंपनीत तिचा जन्म झाला. प्रारंभी ती नेटबायॉस नावाच्या जुन्या व्यवस्थेच्या खांद्यावर बसून चालत असे. तीत नावे शोधण्यासाठी यूडीपी १३७, सूचना पसरविण्यासाठी यूडीपी १३८ आणि प्रत्यक्ष फाइलींच्या देवघेवीसाठी टीसीपी १३९ अशा तीन खिडक्या लागत. विंडोज २००० पासून एसएमबीला स्वतःची स्वतंत्र खिडकी मिळाली, ती टीसीपी ४४५. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर सांबा ही आज्ञावली हेच काम करते आणि तीही याच खिडकीवर बसते.

आजच्या कचेरीत सामायिक दप्तरासाठी सर्व्हरवर ही एकच खिडकी पुरेशी आहे. जुन्या टिपणांवरून उतरवून घेतलेल्या याद्यांत मात्र १३७ ते १३९ हे क्रमांक अद्याप आढळतात आणि कोणी विचारल्यास "पूर्वीपासून आहेत" एवढेच उत्तर मिळते. विंडोज ९८ चे संगणक कचेरीतून गेल्यास फार वर्षे लोटली. त्यांच्यासाठी उघडलेल्या खिडक्या मात्र राहून गेल्या. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून खुद्द निर्मात्यांनीच हा रिवाज मोडला असून, त्या आवृत्तीत एखादे फोल्डर सामायिक केले असता नेटबायॉसच्या खिडक्या आपोआप उघडत नाहीत.

डोमेन असलेल्या कचेरीत

येथवरची गोष्ट सोपी आहे. परंतु बहुतेक शासकीय कार्यालयांत अडचण येते ती ४४५ मुळे नव्हे. तेथे डोमेन असते, आणि डोमेनमध्ये फाइलीचा सर्व्हर कोणाला स्वतःच्या अधिकारात ओळखत नाही. ओळख पटविण्याचे काम नियंत्रक सर्व्हरकडे सोपविलेले असते. आस्थापना शाखेकडे सर्व कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके असतात, तद्वत या नियंत्रकाकडे सर्व वापरकर्त्यांची आणि संगणकांची नोंद असते.

उदाहरणादाखल असे समजू या, की एका खात्याचा नियंत्रक सर्व्हर पणजीच्या मुख्यालयात आहे आणि काणकोणच्या शाखेतील कारकुनाला मुख्यालयातीलच दुसऱ्या एका सर्व्हरवरील फाइल उघडावयाची आहे. त्याने फोल्डरच्या चित्रावर बोट दाबले की पुढील घटना क्षणार्धात घडतात. प्रथम सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता विचारला जातो. ही चौकशी डीएनएसच्या ५३ क्रमांकाच्या खिडकीवर होते. मग त्या सर्व्हरकडे जाण्याचा परवाना मागावा लागतो. हा परवाना देणारी पद्धत म्हणजे केर्बेरॉस. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरील तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात या पद्धतीस देण्यात आले. तिची खिडकी ८८. परवाना घेऊन संगणक फाइलीच्या सर्व्हरच्या ४४५ क्रमांकाच्या खिडकीवर जातो, सर्व्हर परवाना तपासतो आणि मगच फाइल देतो.

म्हणजे वाट एक नसून दोन आहेत. कारकुनाकडून फाइलीच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटेवर ४४५ पुरते. परंतु कारकुनाकडून नियंत्रकाकडे आणि फाइलीच्या सर्व्हरकडून नियंत्रकाकडे जाणाऱ्या वाटांवर अधिक खिडक्या लागतात. ५३ आणि ८८ टीसीपी व यूडीपी अशा दोन्ही प्रकारच्या हव्यात. वापरकर्त्यांची सूची पाहण्यासाठी ३८९ हवी, तीही दोन्ही प्रकारची. डोमेनमध्ये अनेक शाखा असतील तर समग्र सूचीसाठी टीसीपी ३२६८ लागते. परवलीचा शब्द बदलण्यासाठी ४६४ आहे. ती बंद राहिली तर सर्व काही सुरळीत चालते आणि परवलीच्या शब्दाची मुदत संपण्याच्या दिवशी मात्र कारकुनाची कोंडी होते. शिवाय नियंत्रकावरही टीसीपी ४४५ उघडी असावी लागते; डोमेनचे नियम आणि आरंभीच्या आज्ञा तेथील सामायिक फोल्डरातूनच प्रत्येक संगणकाला मिळतात.

घड्याळाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. केर्बेरॉसच्या परवान्यावर वेळ लिहिलेली असते आणि जुना परवाना चोरून कोणी पुन्हा वापरू नये म्हणून दोन संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर असल्यास तो नाकारला जातो. जुन्या संगणकातील बटणाएवढी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. नियंत्रकाकडून वेळ जुळवून घेण्याची यूडीपी १२३ ही खिडकी उघडी असेल, तर बहुधा दुरुस्ती आपोआप होते. बंद असेल तर परवलीचा शब्द बरोबर असूनही ओळख पटत नाही. कारकून शब्द पुन्हा पुन्हा टंकित करतो आणि अखेर त्याचे खातेच कुलूपबंद होण्याची वेळ येते. दोष पाच-पंचवीस रुपयांच्या बॅटरीचा, आणि शोध चालतो तो सर्व्हरवर!

सर्वांत गोंधळाची खिडकी म्हणजे टीसीपी १३५. ही स्वतः काम करीत नाही. चौकशीच्या मेजाप्रमाणे "अमुक काम तमुक क्रमांकावर चालू आहे" असे ती सांगते, आणि तो क्रमांक दर वेळी बदलू शकतो. २००८ पूर्वीच्या विंडोज सर्व्हरमध्ये हे बदलते क्रमांक १०२५ ते ५००० या दरम्यान असत. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते ४९१५२ ते ६५५३५ या दरम्यान असतात. जुन्या यादीतील क्रमांक नव्या सर्व्हरला लावले की १३५ वर चौकशी होते, उत्तर मिळते, आणि दाखविलेल्या खिडकीवर गेल्यावर दार लागलेले आढळते. उलटपक्षी, सोळा हजारांहून अधिक खिडक्या उघडावयाच्या या कल्पनेनेच अनेक अधिकारी बिचकतात. ही भीती रास्त आहे. परंतु त्या उघडावयाच्या त्या केवळ नियंत्रकाच्या दिशेने आणि केवळ खात्याच्या स्वतःच्या पत्त्यांसाठी. ज्यांना एवढाही विस्तार नको असेल, त्यांना नियंत्रकावर हा पट्टा अरुंद करून घेता येतो.

"वाट सापडत नाही" आणि "परवानगी नाही"

संगणक देत असलेल्या दोन उत्तरांतील भेद ओळखला तरी निम्मे काम होते. जाळ्यावरील मार्ग सापडला नाही, असा संदेश आला तर नाव, पत्ता किंवा खिडकी यांपैकी कोठे तरी अडथळा आहे. प्रवेश नाकारला, असा संदेश आला तर खिडकी उघडी आहे, सर्व्हरने विनंती ऐकली आहे आणि विचार करून नकार दिला आहे. या दुसऱ्या प्रसंगी फायरवॉलला हात लावण्याचे काहीही कारण नाही. तेथे पाहावयाचे ते फोल्डरवरील अधिकार. ते दोन ठिकाणी नोंदलेले असतात, सामायिक करतानाचे एक आणि डिस्कवरील दुसरे. दोहोंपैकी जे अधिक कडक तेच लागू होतात. असे असूनही नकार मिळताच फायरवॉल बंद करून पाहण्याची पद्धत सर्रास आढळते. मग अधिकारही दुरुस्त केले जातात, काम चालू होते, आणि फायरवॉल पुन्हा चालू करावयाची मात्र राहून जाते.

दुसरा एक फसवा उपाय म्हणजे सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आकडी पत्ता टाकणे. त्याने पुष्कळदा फाइल उघडते आणि सर्वांना समाधान वाटते. परंतु आकडी पत्ता टाकला असता केर्बेरॉसचा परवाना सहसा वापरला जात नाही. संगणक एनटीएलएम नावाच्या जुन्या व दुबळ्या पद्धतीकडे वळतो. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०२४ साली कालबाह्य म्हणून जाहीर केली आहे. तेव्हा आकडी पत्त्याने काम झाले, तर ५३ आणि ८८ या खिडक्यांकडे पाहावयास हवे, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हर पिंगला उत्तर देतो म्हणून ४४५ उघडी आहे असेही ठरत नाही. पिंग ही निराळीच हाक आहे आणि तिचे दार निराळे आहे. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञापटावर टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि क्रमांक ४४५ देऊन चालविली की त्या खिडकीचे खरे उत्तर काही सेकंदांत मिळते.

पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर उद्भवणारी एक अडचण तर अनेक कचेऱ्यांच्या ओळखीची असेल. विंडोजची फायरवॉल प्रत्येक जोडणीला डोमेन, खाजगी किंवा सार्वजनिक यांपैकी एक सदर देते आणि सदरानुसार निराळे नियम लावते. नियंत्रकाशी संपर्क साधला तरच जोडणी डोमेनच्या सदरात जाते. वीज आल्यावर सर्व्हर आधी सुरू झाला आणि जाळ्याचा स्विच किंवा नियंत्रक नंतर, तर सर्व्हरला आपण परक्या ठिकाणी आहोत असे वाटते. तो जोडणीस सार्वजनिक मानतो आणि खिडक्या लावून घेतो. शिवाय खाजगी व सार्वजनिक सदरांतील फाइलींचे प्रस्थापित नियम केवळ त्याच उपजाळ्यातील संगणकांना प्रवेश देतात; त्यामुळे शेजारच्या मेजावरील संगणकास फाइल दिसते आणि दुसऱ्या गावच्या शाखेस दिसत नाही, असा चमत्कारही घडतो. नियंत्रक सुरू झाल्याची खात्री करून सर्व्हरची जाळ्याची जोडणी एकदा बंद करून चालू केली की सदर बहुधा आपोआप बदलते. सर्व्हरला बॅटरीचा आधार देणाऱ्या कार्यालयाने तोच आधार स्विचलाही द्यावा. तो सहसा दिलेला नसतो.

२०१७ चा मे महिना

बाहेरच्या जगाकडे ४४५ उघडी ठेवल्यास काय होते, याचे उत्तर १२ मे २०१७ रोजी मिळाले. त्या शुक्रवारी वॉनाक्राय नावाची घातक आज्ञावली पसरू लागली. संगणकातील सर्व फाइली कुलूपबंद करून ती खंडणी मागत असे. एका संगणकात शिरली की ती स्वतःच इंटरनेटवर आणि कचेरीतील जाळ्यावर ४४५ क्रमांकाच्या उघड्या खिडक्या शोधी आणि एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन आत जाई. कोणी फसवे पत्र उघडण्याची तिला आवश्यकता नव्हती. काही दिवसांतच दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित झाले. आंध्र प्रदेशातील काही पोलीस कार्यालयांचे आणि केरळातील वायनाड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचे संगणकही त्यात सापडले.

सर्वाधिक हाल झाले ते इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे. तेथील २३६ रुग्णालय संस्थांपैकी किमान ८० संस्थांना झळ पोहोचली आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी अहवाल दिला. वास्तविक या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी, म्हणजे दोन महिने आधी प्रसिद्ध केली होती. परंतु अहवालाने नोंदविलेली दुसरी गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे : दुरुस्ती केलेली असो वा नसो, इंटरनेटकडे तोंड असलेल्या फायरवॉलची नीट व्यवस्था ठेवली असती, तर या संस्था बचावल्या असत्या.

पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, नॉटपेट्या ही तिची धाकटी बहीण आली. मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कामकाजास तिने ग्रासले आणि उरणजवळील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढील जानेवारीत सांगितले. नॉटपेट्या केवळ दोषाचाच नव्हे, तर संगणकाच्या स्मृतीत सापडलेल्या परवलीच्या शब्दांचाही वापर करी. त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही शेजाऱ्याच्या उघड्या खिडक्यांतून बाधित होत.

म्हणून नियम दोन ठिकाणी लिहावे लागतात. कचेरीच्या वेशीवरील फायरवॉलने ४४५ आणि १३५ ते १३९ या खिडक्या इंटरनेटसाठी आत-बाहेर दोन्ही दिशांना बंद ठेवावयाच्या. कचेरीच्या आतही प्रत्येक कारकुनाच्या संगणकावर ४४५ आत येण्यासाठी बंदच असावी. एका मेजावरील संगणकाने दुसऱ्या मेजावरील संगणकाकडून फाइल घेण्याचे प्रयोजन नाही, दोघांनीही ती सर्व्हरवरून घ्यावी. शाळेतील संगणक प्रयोगशाळेस तर हे अधिकच लागू आहे. तेथे विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि पंचवीस संगणक एकाच जाळ्यावर असतात.

एसएमबीची पहिली आवृत्ती २०१७ च्या अखेरीपासूनच्या विंडोजमध्ये मुळात बसविलीच जात नाही. तरीही ती काही कचेऱ्यांत मुद्दाम चालू केलेली आढळते, आणि चौकशी केल्यास कारण निघते ते कोपऱ्यातील जुने झेरॉक्स यंत्र. कागदाची प्रतिमा सर्व्हरच्या फोल्डरात टाकण्यासाठी त्या यंत्राला हीच भाषा येते. एका यंत्रासाठी मुख्य सर्व्हरवर ही आवृत्ती चालू करण्यापेक्षा त्या यंत्राकडून प्रतिमा ई-मेलने किंवा पेनड्राइव्हवर घेणे सोयीचे ठरते.

दौऱ्यावरील अधिकाऱ्याला बाहेरून फाइल हवी असते, ही गरज खरी आहे. त्यासाठी ४४५ वेशीबाहेर उघडण्याऐवजी व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग वापरावा. त्यातून आलेला संगणक कचेरीतल्याप्रमाणे वागतो आणि त्यालाही वरीलच खिडक्या लागतात. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये यूडीपी ४४३ वरून सांकेतिक स्वरूपात फाइली देण्याचीही सोय आहे. मात्र तीसाठी सर्व्हरला प्रमाणपत्र बसवावे लागते.

उघडलेल्या प्रत्येक खिडकीची नोंद एका वहीत असावी : क्रमांक, टीसीपी की यूडीपी, कोठून कोठे, कोणत्या कामासाठी, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या तारखेस. संगणकाचे काम पाहणारा माणूस बदलून गेला की त्याच्या जागी येणाऱ्याला ही वही कार्यभाराबरोबरच, इतर दप्तरासारखी, सही घेऊन सुपूर्द करावी.